नदीकाठाची नोंदवही : मगर आणि माणूस यांच्यातील संघर्षाच्या अभ्यासाचा इतिहास

माणूस आणि मगर यांच्यातील संघर्ष म्हणजे केवळ मगरीने माणसावर केलेला हल्ला नव्हे. नदी, खाडी किंवा तळे यांच्या एकाच काठावर दोघांचेही जगणे अवलंबून असल्यामुळे माणसाच्या जिवाला, त्याच्या गुराढोरांना आणि जाळ्यांना जो धोका पोचतो, आणि त्याच कारणाने मगरीची अंडी, पिले व प्रौढ जनावरे यांचा माणसाकडून जो नाश होतो, त्या दोन्ही बाजू या संज्ञेत येतात. भारतात मगरीच्या कुळातील तीन जाती आढळतात. नद्या, तळी आणि धरणांचे जलाशय यांत राहणारी गोड्या पाण्यातील मगर ही सर्वांत जास्त पसरलेली. ओडिशा, सुंदरबन आणि अंदमान-निकोबार येथील खारफुटीत राहणारी खाऱ्या पाण्यातील मगर आकाराने सर्वांत मोठी. आणि उत्तरेकडील नद्यांत राहणारे, लांब निमुळत्या जबड्याचे घडियाल जवळजवळ केवळ माशांवर जगणारे असल्याने माणसाच्या जिवाच्या दृष्टीने निरुपद्रवी. संघर्षाचा इतिहास मुख्यतः पहिल्या दोन जातींचा आहे. या संघर्षाचा अभ्यास मात्र फार काळ प्राण्याच्या स्वभावाचा अभ्यास म्हणूनच झाला. काठावर कोण येतो, कोणत्या वेळी येतो आणि का यावे लागते, हे प्रश्न विचारले जाऊ लागले ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत, आणि ते विचारले गेल्यावर या विषयाचे स्वरूपच बदलले.

मगरीच्या भयाची नोंद भारतीय वाङ्मयात जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात राज्यावर येणाऱ्या आठ आपत्ती सांगितल्या असून अग्नी, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, सर्प व राक्षस यांच्याबरोबर हिंस्र पशूंचाही त्यांत समावेश आहे, आणि पशूंसाठी सांगितलेले उपाय ग्राहांना, म्हणजे पाण्यात धरून ओढणाऱ्या प्राण्यांनाही लागू असल्याचे तेथे सूचित केले आहे. ही आपत्ती निवारणे हे राजाचे काम मानले गेले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे दोन हजार वर्षांनी आधुनिक राज्यसंस्थेने हीच जबाबदारी नुकसानभरपाईच्या रूपाने पुन्हा अंगावर घेतली. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्रमोक्षाची कथा, कालडीच्या नदीत मगरीने पाय धरला असता आईकडून संन्यासाची अनुज्ञा मिळवणाऱ्या बाल शंकराचार्यांची आख्यायिका, गंगा व नर्मदा यांची मकर अथवा मगर ही वाहने, या सर्वांतून पाण्याच्या काठावरचा धोका रोजच्या ओळखीचा होता हेच दिसते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील प्राण्यांची जी वर्णने केली, त्यांत मगरीला पाण्यातला वाघ म्हटले असून ती माणसांना आणि म्हशींनाही ओढून नेते असे सांगितले आहे, आणि तेथेच घडियालाची वेगळी नोंदही केली आहे. सोळाव्या शतकातील एका परक्या सेनानीने या जातींचा भेद ओळखला, ही निरीक्षणाची गुणवत्ता नंतरच्या अनेक शिकारकथांत सापडत नाही.

लिखित ग्रंथांपेक्षा अधिक सूक्ष्म ज्ञान मात्र चालीरीतींत साठवलेले आहे, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्यातील आहे. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात आणि त्याच्या आसपासच्या खाड्यांत गोड्या पाण्यातील मगरीची वस्ती आहे; भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात ही जात टिकून राहिली, याचे प्राणिशास्त्रज्ञांनाही कुतूहल वाटत आले आहे. आदिलशाहीच्या काळात तिसवाडी बेटाच्या रक्षणासाठी, तेथून गुलामांनी पळून जाऊ नये आणि शत्रूने पोहून येऊ नये म्हणून या पाण्यात मगरी सोडल्या गेल्या, अशी आख्यायिका गोव्यात सांगितली जाते. तिच्यात ऐतिहासिक तथ्य किती, यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पाण्याच्या काठावरच खाजन शेती उभी आहे. खाजन म्हणजे खाडीच्या दलदलीभोवती चिखलमातीचे बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडवून घेतलेली सखल जमीन; तिच्यात पावसाळ्यात खारे पाणी सोसणारे भात पिकते, आणि बांधातील मानस नावाच्या झडपेच्या दारातून भरती-ओहोटीचे पाणी हवे तसे आत घेता व बाहेर सोडता येते. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरून जमीन काही वर्षे नापीक होते, म्हणून संपूर्ण गावाचे भवितव्य बांधावर आणि बांधाच्या देखभालीवर अवलंबून असते. आणि ही देखभाल करणाऱ्या माणसाला रोज त्याच पाण्यात उतरावे लागते ज्यात मगर आहे.

फोंडा तालुक्यातील बोरी आणि त्या परिसरातील काही गावांत पौष अमावास्येला ‘मानगे थापणी’ नावाचा विधी होतो. मानगे म्हणजे मगर. खाजनातील चिखल घेऊन शेताच्या कडेला मगरीची आकृती थापली जाते, शिंपल्यांनी तिचे खवले आणि काटक्यांनी तिचे दात दाखवले जातात, तिला फुले व नैवेद्य वाहिला जातो, आणि बांधाचे, शेताचे व पाण्यात उतरणाऱ्या माणसांचे रक्षण कर अशी प्रार्थना केली जाते. या विधीकडे केवळ भीतीपोटी केलेली पूजा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. पूजेचा काळ हिवाळ्यातला आहे, म्हणजे ज्या दिवसांत गार रक्ताची मगर ऊन खाण्यासाठी काठावर येऊन पडते, दिसते आणि तिचा समागमाचा हंगाम सुरू असतो त्याच दिवसांतला. पूजेची जागा बांधावरची आहे, म्हणजे माणूस आणि मगर यांची गाठ जेथे पडते तेथलीच. आणि पूजेचे माध्यम तो चिखल आहे ज्यावर दोघांचाही हक्क आहे. विधी घालून देणाऱ्यांनी हे सर्व योजून केले असा दावा करता येणार नाही. परंतु मगर कोठे आणि केव्हा भेटते याची सामुदायिक आठवण दरवर्षी नव्याने जागी ठेवण्याचे काम तो करतो, आणि संघर्ष कमी करण्याच्या आधुनिक उपक्रमांना नेमके हेच काम सर्वांत अवघड जाते.

ब्रिटिश अमदानीत मगरीची गणना दोन खात्यांवर झाली आणि दोन्ही ठिकाणी ती अपुरीच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान सरकारने हिंस्र पशू व सर्प यांच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंची वार्षिक आकडेवारी प्रांताप्रांतांतून मागवण्यास सुरुवात केली. वाघ, बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस, हत्ती यांना त्या तक्त्यांत स्वतंत्र रकाने मिळाले, पण मगरीने घेतलेले बळी बहुधा ‘इतर प्राणी’ या रकान्यात विरून गेले. याचे एक कारण असे की वाघाने मारलेल्या माणसाचे प्रेत बहुधा सापडते, मगरीने नेलेल्याचे अनेकदा सापडतच नाही, आणि घाटावरून नाहीशी झालेली व्यक्ती बुडाली की ओढली गेली याचा निवाडा पोलीस पाटलाच्या कागदावर होऊ शकत नाही. दुसरे खाते शिकारीचे. नदीच्या वाळूवर निश्चल पडलेल्या मगरीवर नावेतून गोळी झाडणे हा साहेबी करमणुकीचा भाग होता, आणि मारलेल्या मगरीच्या पोटातून निघालेल्या बांगड्या, कडी व तोडे यांची वर्णने शिकारीच्या पुस्तकांतून मोठ्या चवीने येतात.

या दागिन्यांच्या पुराव्यातूनच अभ्यासाचा एक मूलभूत प्रश्न निर्माण झाला. मगर जिवंत भक्ष्य पकडते तशी मेलेलेही खाते; ज्या देशात प्रेते नदीत सोडण्याची किंवा अर्धवट जळलेले देह पाण्यात लोटण्याची प्रथा अनेक ठिकाणी होती, तेथे पोटात सापडलेल्या बांगडीवरून ती मगर नरभक्षक होती असे अनुमान काढता येत नाही. शिवाय मगर पचनाला मदत व्हावी म्हणून, किंवा निव्वळ अनवधानाने, दगड व इतर कठीण वस्तूही गिळते आणि त्या तिच्या जठरात दीर्घकाळ राहतात. इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी पूर्व व मध्य आफ्रिकेतील नाईल मगरीवर केलेले आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत वळणबिंदू ठरले; शेकडो मगरींच्या जठरांची पद्धतशीर तपासणी करून त्यांनी वयाबरोबर खाद्य कसे बदलत जाते हे दाखवले. पिले कीटक व बेडूक खातात, मधल्या आकाराच्या मगरी मुख्यतः मासे, आणि मोठ्या सस्तन प्राण्यांकडे वळतात त्या फक्त सर्वांत मोठ्या मगरी. म्हणजे माणसाला धोका मगरींच्या सरसकट संख्येतून उद्भवत नाही; मोठ्या मगरींच्या संख्येतून तो उद्भवतो, आणि संघर्षाच्या अभ्यासाला मोजणीइतकेच मापनही करावे लागते.

फुगवलेल्या आकड्यांचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील रामरी बेटावर ब्रिटिश फौजांनी कोंडीत पकडलेले जपानी सैनिक खारफुटीतून माघार घेत असताना त्यांतील सुमारे हजारांना एका रात्रीत मगरींनी मारले, अशी कथा ब्रुस राईट या नौदल अधिकारी व निसर्गतज्ज्ञाच्या लेखनातून प्रसृत झाली आणि विक्रमांच्या पुस्तकांतही जाऊन बसली. स्टीव्हन प्लॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी रामरी बेटावर जाऊन त्या काळातील वृद्ध रहिवाशांना विचारणा केली, लष्करी नोंदी तपासल्या, आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात असे मांडले की बहुसंख्य सैनिक गोळ्या, तहान, रोगराई व बुडणे यांमुळे मेले आणि मगरींच्या वाट्याला ओढा ओलांडताना सापडलेले फार तर दहा-पंधरा जण येतात. हजार आणि पंधरा यांमधील अंतर हे या विषयातील बहुतेक जुन्या आकड्यांना लावण्याचे माप आहे. गावातल्या वृद्धांना विचारण्याची साधी पायरी ओलांडायला अर्धशतकाहून अधिक काळ जावा, ही गोष्ट अभ्यासकांनी कोणाच्या शब्दाला वजन दिले याविषयी बरेच सांगून जाते.

दरम्यान भारतात मगर संपत आली होती. युद्धोत्तर काळात तिच्या कातड्याला परदेशी बाजारपेठ मिळाली, बंदुका व नायलॉनची जाळी सहज मिळू लागली, धरणे व वाळूउपशामुळे अंडी घालण्याचे काठ गेले, आणि १९७० च्या सुमारास तिन्ही जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आहेत असे दिसू लागले. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने त्यांच्या शिकारीवर बंदी आली. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे सल्लागार म्हणून एच. रॉबर्ट बस्टार्ड भारतात आले, आणि त्यांच्या अहवालावरून १९७५ मध्ये ओडिशातून मगर संवर्धन प्रकल्पाला प्रारंभ झाला. पद्धत सोपी होती: नदीकाठच्या घरट्यांतून अंडी गोळा करायची, ती सुरक्षित जागी उबवायची, पिले सुमारे एक मीटर लांबीची होईपर्यंत वाढवायची, कारण त्याहून लहान पिलांचा बगळे, घारी, मोठे मासे व इतर मगरी फडशा पाडतात, आणि मग त्यांना संरक्षित नदीत सोडायचे. घडियालासाठी महानदीवरील टिकरपाडा, खाऱ्या पाण्यातील मगरीसाठी भितरकनिकातील डांगमाळ आणि गोड्या पाण्यातील मगरीसाठी सिमलीपालमधील रामतीर्थ अशी केंद्रे निघाली. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर व झाई व्हिटेकर यांनी मद्रासजवळ मगरींच्या संवर्धनाचे केंद्र स्थापन केले. महाराष्ट्रात ताडोबा येथेही मगरी वाढवून सोडण्याचे काम झाले.

प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात एक दुसरा हेतूही होता, तो म्हणजे संख्या वाढल्यावर मगरपालनातून कातड्याचे उत्पन्न काढणे आणि त्यातला वाटा नदीकाठच्या लोकांना देणे. भारत सरकारने व्यापारी मगरपालनाला कधीच परवानगी दिली नाही. प्राण्याच्या जिवाचा विचार करता हा निर्णय योग्य असेलही. परंतु त्यामुळे ज्या गावांनी मगरीची वाढती संख्या सोसायची होती त्यांच्या पदरात त्या वाढीतून काहीच पडायचे उरले नाही, आणि ही त्रुटी भरून काढणारी दुसरी व्यवस्थाही त्या वेळी उभी राहिली नाही. संवर्धनाचा खर्च काठाने उचलायचा आणि श्रेय दूरच्या शहराने घ्यायचे, ही विषमता पुढील सर्व संघर्षाच्या मुळाशी आहे.

भितरकनिका हे या संपूर्ण कथेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. ब्राह्मणी, वैतरणी व धामरा या नद्यांच्या मुखाशी असलेले हे खारफुटीचे जंगल कनिका संस्थानच्या जमीनदारीत होते. १९५२ मध्ये जमीनदारी संपली, त्यानंतर खारफुटी तोडून भातशेती व वस्ती वाढली, आणि १९७५ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. १९७६ च्या गणनेत खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या शंभराच्या आत होती. आज ती सतराशे-अठराशेच्या घरात आहे. एखाद्या मोठ्या मांसभक्षक प्राण्याचे असे पुनरुत्थान जगात विरळाच. येथेच सुधाकर कर या संशोधकाने बस्टार्ड यांच्याबरोबर काम करताना मगरींनी पाळीव जनावरांवर व माणसांवर केलेल्या हल्ल्यांची पद्धतशीर नोंद ठेवली आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ती प्रसिद्ध केली. मगरींची संख्या नुकती सावरू लागली असताना, संवर्धनाच्या यशाचे कौतुक चालू असताना, त्याच प्रकल्पातील माणसांनी त्या यशाची किंमतही लिहून ठेवली, ही भारतीय वन्यजीव संशोधनातील प्रामाणिकपणाची मोठी खूण मानली पाहिजे.

या नोंदींतून आणि पुढे इतरत्र झालेल्या कामातून अभ्यासाची एक रीत घडली. प्रत्येक घटनेसाठी स्थळ, महिना, वेळ, पाण्याची पातळी, माणूस त्या क्षणी काय करत होता, तो कितपत पाण्यात होता, एकटा होता की सोबतीत, मगरीचा अंदाजे आकार, आणि तिला कोणी डिवचले होते काय, एवढे तपशील घेतले जातात. डिवचल्याविना झालेला हल्ला आणि घरट्याजवळ गेल्याने, जाळ्यातील मगर सोडवताना किंवा तिला पकडताना झालेला हल्ला यांत भेद केला जातो, कारण पहिल्यामागे भूक असू शकते, दुसऱ्यामागे बहुधा बचाव. ऋतूचा रकाना सर्वांत बोलका ठरतो. गोड्या पाण्यातील मगरीची मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, सुमारे दोन महिने त्यांच्याजवळ राहते आणि पावसाळ्याच्या प्रारंभी पिले बाहेर पडताच त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. खाऱ्या पाण्यातील मगर मे महिन्यापासून पुढे पाने व चिखल यांचा ढीग रचून घरटे करते, आणि त्यासाठीच भितरकनिका मे ते जुलै पर्यटकांना बंद असते. उन्हाळ्यात पाणी आटून मगरी व माणसे एकाच डोहाभोवती जमतात. पावसाळ्यात पाणी गढूळ होऊन मगर दिसेनाशी होते. धोक्याचे महिने त्यामुळे जातीनुसार आणि नदीनुसार बदलतात, आणि एका नदीवरचा फलक दुसऱ्या नदीवर उतरवून लावता येत नाही.

माहितीच्या साधनांनाही त्यांचे त्यांचे कल आहेत. वर्तमानपत्र मृत्यूची बातमी छापते, पायाला चावा घेऊन सुटलेल्या माणसाची क्वचितच. वनखात्याच्या दप्तरात तीच घटना येते जिचा पंचनामा होऊन भरपाईचा अर्ज झाला. परवान्याविना मासेमारी करणारा किंवा अभयारण्यात लाकूड वेचायला शिरलेला माणूस जखम लपवतो, कारण ती सांगितली तर गुन्हा आपल्यावरच येतो. ऑस्ट्रेलियातील चार्ल्स डार्विन विद्यापीठातून २०१३ मध्ये सुरू झालेल्या क्रॉकबाइट या जागतिक नोंदसंग्रहालाही हीच मर्यादा होती: ज्या देशात वार्ताहर व रस्ते जास्त, तेथले हल्ले जास्त दिसतात. म्हणून गावात बसून, घरोघर विचारून केलेल्या नोंदीला पर्याय नाही.

गुजरातेत अशा कामाची परंपरा चांगली रुजली. वडोदऱ्याचे सरीसृपतज्ज्ञ राजू व्यास यांनी कॉलिन स्टीव्हन्सन यांच्यासह १९६० ते २०१३ या अर्धशतकातील गुजरातमधील मगर-मानव संघर्षाचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. एका राज्याच्या इतक्या दीर्घ कालखंडाचा असा अभ्यास भारतात दुर्मीळ आहे. वडोदरा शहराचे प्रकरण मराठी वाचकाला परके वाटू नये. सयाजीराव गायकवाडांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आजवा येथे सरोवर बांधले. पावागडाकडून येणारी विश्वामित्री नदी शहराच्या मधोमध वाहते, आणि आज तिच्या काठावर शेकडो मगरी सांडपाण्यात, पुलांखाली आणि विद्यापीठाच्या परिसरालगत राहतात. अतिवृष्टीत पाणी चढले की त्या वसाहतींत शिरतात. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत रस्त्यांवरील मगरींना पकडण्यासाठी वनखाते व स्वयंसेवक रात्रंदिवस फिरत होते. नदीच्या पूरमैदानात, म्हणजे पुराचे पाणी पसरण्याच्या नैसर्गिक जागेत, घरे उभी राहिल्यावर मगर घरात आली असे म्हणणे कितपत बरोबर, हा प्रश्न या शहरासमोर दर पावसाळ्यात उभा राहतो.

वडोदऱ्यापासून फार दूर नसलेल्या चरोतरात, म्हणजे खेडा व आणंद जिल्ह्यांच्या सुपीक पट्ट्यात, चित्र वेगळे आहे. तेथे देवा, मलातज, हेरंज अशा गावांच्या तळ्यांत मगरी राहतात, त्याच तळ्यांवर बायका धुणी धुतात आणि म्हशी डुंबतात, आणि तरीही हल्ले थोडे आहेत. मगर हे खोडियार मातेचे वाहन. मलातजच्या तळ्याकाठी तिचे देऊळ आहे. वल्लभ विद्यानगर येथील व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी ही संस्था दर हिवाळ्यात स्वयंसेवकांच्या मदतीने या तळ्यांतील मगरींची गणना करते. श्रद्धा हे या शांततेचे एक कारण खरेच, पण एकमेव नव्हे: तळ्याचे पाणी स्थिर, मगर कोठे बसते हे सर्वांना ठाऊक, माशांची वाण नाही, आणि कोणी तिला दगड मारत नाही. श्रद्धेने सहनशीलता येते आणि सहनशीलतेमुळे मगर माणसापासून बिचकून आक्रमक होत नाही, अशी ही परस्परांत गुंतलेली कारणे आहेत, त्यामुळे देऊळ बांधले की संघर्ष थांबेल असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये.

कृष्णेचा सांगली जिल्ह्यातील भाग हा महाराष्ट्रातील संघर्षाचा मुख्य प्रदेश होय. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या परिसरात गेल्या काही दशकांत मगरींचे दर्शन नित्याचे झाले आणि हल्ल्यांत जीवही गेले. येथील कारणपरंपरा नदीच्या आर्थिक इतिहासात आहे. १९६४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या कोयना धरणातून सुटणारे पाणी कराडला कृष्णेत येऊन मिळते, त्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची भर पडली, आणि पूर्वी उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी बारमाही भरलेली राहू लागली. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि काठाकाठाने उपसा योजनांच्या मोटारी बसल्या. पाणी मगरीला मानवले, पण वाळूउपसा आणि वीटभट्ट्यांसाठी होणारे मातीचे उत्खनन यांनी तिचे अंडी घालण्याचे व ऊन खाण्याचे काठ कोरून टाकले, त्यामुळे उरलेल्या थोड्या मोकळ्या जागी, म्हणजे बहुधा घाटांवर व पाणवठ्यांवर, ती माणसाला भेटते. शेतीला वीज रात्रीची मिळते तेव्हा मोटार चालू करायला, बसलेली मोटार सोडवायला शेतकऱ्याला अंधारात काठावर उतरावे लागते, आणि अंधार ही मगरीची शिकारीची वेळ आहे. येथे संघर्षाचे वेळापत्रक वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकाशी जोडलेले आहे, आणि प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ते सापडणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच नदीच्या खालच्या अंगाला, बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात, एका घराच्या छपरावर मगर येऊन बसलेली लोकांनी पाहिली.

हल्ला झाला की पहिली मागणी मगर पकडून दूर सोडण्याची असते, आणि मृताच्या कुटुंबाच्या जागी उभे राहून पाहिले तर ती समजण्यासारखी आहे. परंतु या उपायाचा कस २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या एका प्रयोगाने पाहिला. क्रेग फ्रँकलिन, मार्क रीड व सहकाऱ्यांनी खाऱ्या पाण्यातील तीन मोठ्या नर मगरींना उपग्रह संदेशयंत्रे बसवून हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडले. तिघेही आपल्या मूळ जागी परतले, आणि त्यांपैकी एक तर केप यॉर्क द्वीपकल्पाला संपूर्ण वळसा घालून, चारशे किलोमीटरहून अधिक अंतर वीस दिवसांत पोहून आला. गोड्या पाण्यातील मगर इतकी लांब जात नसली तरी नवख्या जागी सोडलेली मगर तेथल्या मगरींशी झगडते किंवा भटकत नव्या गावाच्या पाणवठ्यावर पोचते, आणि रिकाम्या झालेल्या जुन्या डोहात दुसरी मगर येते. पकडून सोडण्याने संघर्षाचा पत्ता तेवढा बदलतो.

याउलट श्रीलंकेत नदीकाठच्या लोकांनी स्वतः घडवलेला ‘किंबुला कोटुवा’, म्हणजे मगरीपासून आडोसा देणारे कुंपण, अभ्यासकांनी अधिक उपयुक्त मानले आहे: अंघोळीच्या जागेभोवती पाण्यात लाकडी खांब अथवा लोखंडी जाळी रोवून एक सुरक्षित आवार केले जाते, ज्यात पाणी येते पण मगर येत नाही. भितरकनिकाच्या गावांतही वनखात्याने घाटांना असे अडसर घातले आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नुकसानभरपाईच्या यादीत वाघ, बिबट्या, रानडुक्कर यांबरोबर मगरीचाही समावेश असून मृत्यूसाठीची रक्कम २०२२ मध्ये २० लाख रुपये करण्यात आली व पुढे ती वाढवली गेली. पण भरपाई घटनेनंतर मिळते आणि कुंपण घटनेपूर्वी उभे राहावे लागते. बळींच्या नोंदी पाहता त्यांत धुणे धुणाऱ्या व भांडी घासणाऱ्या बायका, जाळे टाकणारे कोळी व भोई, गुरे पाण्यावर नेणारे गुराखी आणि मोटारीकडे उतरणारे शेतकरी हेच पुन्हा पुन्हा आढळतात. ज्याच्या घरात नळ आहे त्याचे नाव क्वचितच येते. कृष्णाकाठच्या एखाद्या गावात धुण्याचा घाट नळाच्या पाण्याने काठापासून वर आणला, मोटारीची कळ काठावरून शेतात नेली आणि शेतीची वीज दिवसा दिली, तर पुढील दहा वर्षांच्या नोंदवहीत काय फरक पडतो, हे मोजण्याचे काम आता या शास्त्राच्या पुढ्यात आहे, आणि त्यासाठी मगरींच्या गणनेबरोबर पाणवठ्यावर येणाऱ्या माणसांचीही गणना, तितक्याच काळजीने, सुरू व्हावी लागेल.